जजबाईंची तिसरी निवडणूक

मार्च लागला की आर्न ब्रेके घरात सापडत नसे. घरामागच्या मेपलच्या रानात त्याचं गुऱ्हाळ होतं, झाडांचा गोड रस आटवून पाक करायचं. पत्र्याचं एक खोपट, आत चुलाणावर लांबट कढई आणि वाफेत अर्धा दिसणारा, अर्धा न दिसणारा आर्न. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन असे मोजकेच आठवडे मिळतात, तेवढ्यातच झाडं रस देतात. मग बायको निवडणुकीला उभी असो नाहीतर आणखी काही असो.

पण त्या शनिवारी तो भर दुपारी घरात आला. बूटसुद्धा काढले नव्हते. चिकट झालेल्या बोटांत एक गुळगुळीत छापील कागद होता. लिओना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाण्याचं सूप पीत बसली होती.

"सगळ्यांच्या टपालपेट्यांत टाकलंय हे," तो म्हणाला. "मी चुलीतच घालणार होतो. मग म्हटलं, बाहेर दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं."

कागदाच्या एका बाजूला कॉडी मतुशेकचा शाळेतला फोटो होता. केस नीट विंचरलेले, दातांच्या फटीतून हसणारा. दुसऱ्या बाजूला काळ्या झग्यातली लिओना, तीही कुठल्यातरी फोटोत डोळे अर्धे मिटलेली. खाली जाड अक्षरं होती. 'जज ब्रेके यांनी दारुड्याला घरी सोडलं. कॉडी घरी आलाच नाही.'

लिओनानं चमचा खाली ठेवला. हा फोटो तिनं आधी पाहिला होता. कॉडीच्या आईनं तो छातीशी धरला होता, तिच्याच कोर्टात.

"ऑस्टहोफनं छापलं?" तिनं विचारलं. तिच्याविरुद्ध उभा होता तो.

"खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मिलवॉकीच्या कुठल्या संघटनेचं नाव आहे. म्हणजे त्यानं छापलं नाही, पण छापणाऱ्यांचा हातही धरला नाही."

"त्याला धरता येत नाही, आर्न. बाहेरच्या संघटना उमेदवाराला विचारून छापत नाहीत. कायद्यानं विचारायचंच नसतं."

"घे! आता त्याचीही वकिली तूच कर!" आर्न म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडं त्याचं लक्ष गेलं. मग म्हणाला, "कढई करपेल," आणि निघून गेला. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. खांद्याला पाक लागला.

टॅमरॅक काउंटीत एकच न्यायालय आणि एकच जज, आणि तो जज दर सहा वर्षांनी लोकच मतं देऊन निवडतात. गेली बारा वर्षं ती जज म्हणजे लिओना ब्रेके. तिचे वडील दुधाचा टँकर चालवायचे, आई चीजच्या कारखान्यात उभ्यानं काम करायची. लिओना मॅडिसनला जाऊन कायदा शिकून आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता शिकागोला जाणार. पण ती परत आपल्या गावी, स्टोनी रॅपिड्सला आली आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर तिनं वकिलीची खोली घेतली. खालून रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा. अशील यायचे ते बहुतेक ज्यांना वकील परवडत नाही आणि ज्यांची फी सरकार भरतं असे.

त्या दिवसांत तिला एक फिनिश आजी भेटली होती. शेजाऱ्यानं कुंपण सरकवलं एवढीच तक्रार. तेव्हाचे जज म्हातारे होते आणि घाईत असायचे. आजी साक्षीला उभी राहिली, चार वाक्यं बोलली असेल नसेल, जजनी सांगितलं, "हो की नाही, तेवढंच सांगा." निकाल आजीच्या बाजूनं लागला. कुंपण मागं सरकलं. पण पायऱ्या उतरताना आजी लिओनाला म्हणाली, "पोरी, जमीन मिळाली गं. पण मी बोलायला आले होते." लिओनाच्या मनात ते वाक्य घर करून बसलं.

पुढं ते जज निवृत्त झाले तेव्हा ती उभी राहिली. आर्न तेव्हा शाळेची बस चालवायचा. काउंटीतलं प्रत्येक पोरगं कुठल्या फाट्यावर उतरतं हे त्याला पाठ होतं. तो तिला गाडीतून घरोघर घेऊन फिरला. ती बर्फातून चालत जाऊन दारं ठोठावायची. एका कुत्र्यानं तिच्या पोटरीचा लचका तोडला, आणि त्या घरातली सगळी मतं मात्र तिला पडली. दुसऱ्या वेळी तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. आता तिसरी वेळ होती आणि समोर ग्रँट ऑस्टहोफ होता. चाळिशीतला, हुशार, तिच्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील.

त्याचं म्हणणं एकच होतं. लिओना ब्रेकेंचं कोर्ट हळू चालतं. आणि ते काही खोटं नव्हतं. तिच्याकडं घटस्फोट यायचे, पोरांचे ताबे यायचे, चोऱ्या, मारामाऱ्या, दारू पिऊन गाडी चालवणारे यायचे, आणि ती प्रत्येकाला पुरतं बोलू द्यायची. दर गुरुवारी सकाळी नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्यांची वेगळी बैठक असायची. एकेक जण पुढं येऊन आपला आठवडा कसा गेला ते सांगायचा, आणि ज्याचा बरा गेला त्याच्यासाठी सगळं कोर्ट टाळ्या वाजवायचं. कोर्टाचा शिपाई व्हर्न पोपेल्का सगळ्यांत जोरात वाजवायचा. पण त्यानंतरची प्रकरणं मग दुपारवर जायची, दुपारची दुसऱ्या दिवसावर, आणि लोक बाकांवर ताटकळत बसायचे.

आर्नही तिला चिडवायचा. "माझं गुऱ्हाळ परवडलं. एप्रिलमध्ये संपतं तरी. तुझ्या कोर्टाचं गुऱ्हाळ बारमाही!"

आणि मग हॅफ्नरचं प्रकरण. डेल हॅफ्नर दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हा सापडला होता. लिओनासमोर जामिनाला आला. नोकरी होती, घर होतं, आधीच्या तारखांना न चुकता हजर राहिला होता. तिनं जामिनाची रक्कम ठरवली. श्वासात दारू सापडली तर सुरूच होऊ नये असं यंत्र त्याच्या गाडीत बसवायला लावलं आणि त्याला सोडलं. कुठल्याही जजनं तेच केलं असतं, असं सरकारी वकीलसुद्धा म्हणाला. हॅफ्नरनं थोड्या दिवसांनी भावाचा ट्रक घेतला. त्यात यंत्र नव्हतं. कागदाच्या गिरणीतली पाळी संपवून कॉडी मतुशेक त्याच रस्त्यानं घरी येत होता. ट्रकनं त्याला उडवलं.

हॅफ्नरनं गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरवायच्या दिवशी कॉडीची आई बोलायला उभी राहिली. डोलोरिस मतुशेक म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करायची. ती बोलली ती कॉडी जन्मला त्या हिमवादळापासून. त्यानं पकडलेला पहिला मासा, त्याच्या न धुतलेल्या मोज्यांची रास, जिन्यावर वाजणारे त्याचे बूट, त्याला न आवडणारी कोबी. जेवणाची वेळ झाली. सरकारी वकील चुळबुळला, व्हर्ननं घड्याळाकडं पाहिलं. लिओनानं तळवा उचलून सगळ्यांना तसंच बसवलं. शेवटी डोलोरिस तिच्याकडं वळली.

"आणि तुम्ही त्याला घरी पाठवलं होतं."

"हो," लिओना म्हणाली. "मीच पाठवलं होतं."

मग लिओनानं हॅफ्नरला कायद्यात बसेल तेवढी सगळी शिक्षा दिली, चेंबरमध्ये गेली, आणि त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं.

कागद वाटला गेल्यापासून गावाची नजर बदलली. शुक्रवारी गावच्या सपर क्लबात, म्हणजे बार असलेल्या जुन्या खाणावळीत, तळलेल्या माशांची पंगत असते. तिथं उमेदवारानं टेबलाटेबलाशी जाऊन हात मिळवायचे असतात. लिओना आर्नला घेऊन गेली. हात मिळाले, पण काही जणांचे डोळे ताटातल्या माशावरच राहिले.

बारच्या काउंटरशी बसलेला एक जुना लाकूडतोड्या ब्रँडीचा पेला हलवत म्हणाला, "काय गं लिओना, मला दोनदा आत टाकलंस, ते विसरून मी तुला मत देणार होतो. आता बायको म्हणते नको."

"तुझं मत तुझी बायको कधीपासून ठरवते?"

"लग्नापासून!" तो म्हणाला, आणि आसपासचे हसले. तीही हसली. पण परत टेबलाशी आली तेव्हा तिनं ताट तसंच बाजूला सारलं.

"उत्तर दे की त्या कागदाला," आर्न म्हणाला. "सांग लोकांना, यंत्र बसवलं होतं, भावाचा ट्रक होता."

"आणि कॉडीच्या आईनं ते माझ्या जाहिरातीत वाचायचं? त्यांनी फोटो वापरला म्हणून मी त्याचं मरण वापरायचं?"

आर्ननं तिचं ताट स्वतःकडं ओढलं आणि तिचा मासा खायला लागला. वाद संपवायची त्याची तीच पद्धत होती.

मतदानाआधीच्या रविवारी लुथरन चर्चच्या तळघरात दोन्ही उमेदवारांची सभा होती. मोठ्या किटलीतली कॉफी, लांब टेबलांवर बायकांनी घरून करून आणलेल्या चॉकलेटच्या आणि लिंबाच्या वड्या, घडीच्या खुर्च्या. जागा पुरली नाही म्हणून तरणी माणसं भिंतीला टेकून उभी. दाराशी कुणीतरी त्या कागदांची चळत आणून ठेवली होती. सभा चालवायला निवृत्त शाळामास्तरीण युनिस स्टॅडलर होती. तिनं आधीच बजावलं, "बोलायची पाळी आली की बोला. मधे तोंड घातलंत तर मी उभं करीन, वय विचारणार नाही."

ऑस्टहोफ चांगला बोलला. "जज ब्रेके भल्या आहेत, हे मीही मानतो," तो म्हणाला. "पण माझ्या एका अशिलानं घटस्फोटासाठी दोन हिवाळे काढले. एक बाई तारखेला आली, दिवसभर बाकावर बसली, तिचा रोज बुडाला आणि संध्याकाळी कळलं, पुढच्या महिन्यात या. हा पण अन्यायच आहे. फक्त तो दिसत नाही." टाळ्या पडल्या. लिओनालाही मनातल्या मनात वाटलं, बरोबर बोलतोय हा.

तिची पाळी आली. तिनं गुरुवारच्या बैठकीबद्दल सांगितलं, हळू चालण्याबद्दल कबुली दिली, आणि ते सुधारीन म्हणाली. मग मधल्या रांगेतून एका माणसानं तो कागद वर धरला. "आणि ह्याचं काय?"



"त्या प्रकरणाबद्दल मी इथं बोलणार नाही," लिओना म्हणाली. "मी त्यात जज होते. जे बोलायचं ते कोर्टात बोलले."

"म्हणजे उत्तर नाही!"

युनिसनं काठी आपटली, पण कुजबुज थांबेना. तेवढ्यात मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एक ठेंगणी बाई उठली. अंगावर आश्रमाच्या स्वयंपाकघरातला पांढरा अंगरखा तसाच, वरून कोट. दुपारचं जेवण वाढून थेट आली असावी. लोक वळून बघायला लागले, आणि ओळख पटली तसे एकेक गप्प होत गेले.

"मी डोलोरिस मतुशेक," ती म्हणाली. "कॉडी माझा."

"बोल गं बाई," युनिस हळूच म्हणाली.

"मला सभेत बोलता येत नाही. एवढंच सांगायचंय की हा फोटो माझा आहे. शाळेच्या फोटोवाल्याकडून मी काढून घेतला होता. कॉडीनं त्या दिवशी सदरा घालायला किती कटकट केली होती, विचारू नका. तर हा छापायचा की नाही, हे मला कुणी विचारलं नाही." तिनं घसा साफ केला. "काल मी पोस्टात गेले. दाराशी कचऱ्याचा डबा असतो ना, त्यात बघते तर माझा पोरगा. एक नाही, डबाभर. लोक टपाल काढतात, वाचतात, टाकतात. त्यांचं काय चुकलं? कागदच तो. पण मी तिथं उभी राहून एकेक काढत बसले. पोस्टातली बाई बाहेर आली, तीही माझ्याबरोबर काढायला लागली."

कुणीतरी नाक ओढलं. डोलोरिस थांबली नाही.

"जजबाईंनी त्याला सोडलं ते मला पटलेलं नाही. आजही नाही. ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. पण त्या दिवशी कोर्टात मी बोलत राहिले. घरी माझं कुणी ऐकत नव्हतं हो. नवरा उठून गॅरेजमध्ये जायचा. बहीण म्हणायची, डोलोरिस, आता विसर. त्या दिवशी जेवणाची वेळ टळली आणि ह्या बाई जागच्या हलल्या नाहीत. माझं सगळं बोलून झालं. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले." तिनं कोटाचं बटण लावलं. "मी कुणाच्या बाजूनं आलेले नाही. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या पोराला तेवढं कचऱ्यातून काढा."

आणि ती खाली बसली नाही. सरळ जिना चढून निघून गेली. आश्रमात रात्रीचं जेवण करायचं होतं.

मग ग्रँट ऑस्टहोफ उठला. त्याचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला होता. तो दाराशी गेला, टेबलावरची कागदांची सगळी चळत त्यानं उचलली. शेजारीच कचऱ्याचा डबा होता. त्याच्याकडं त्यानं पाहिलं, आणि चळत कोटाच्या आत छातीशी धरून तो परत येऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या रेडिओवर तो म्हणाला की हा कागद ज्यांनी काढला त्यांनी तो थांबवावा. "मला मत द्यायचं असेल तर कोर्टाच्या कामावर द्या, एका आईच्या दुःखावर नको."

त्या रविवारी सभेहून परतताना गाडीत लिओना हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. आर्ननं रेडिओही लावला नाही.

"तिचे आभार मानायला हवे होते," शेवटी ती म्हणाली.

"मग थांबवायचंस की तिला."

"कसं? मतदानाच्या तोंडावर? लोक म्हणाले असते, बघा, सगळं ठरवून केलंय. तिनं एवढ्या कष्टानं जे स्वच्छ ठेवलं ते मी माझ्या हातानं मळवलं असतं."

"निवडणूक झाल्यावर मान."

"हरले तरी मानणार आहे," लिओना म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. शेतांत बर्फाचे तुकडे तुकडे उरले होते. मधूनमधून काळी माती दिसत होती.

मतदानाच्या मंगळवारी पुन्हा ओला, जड बर्फ पडला. म्हातारी माणसं बाहेर पडतील की नाही याचीच सगळ्यांना धाकधूक. दूरच्या वस्त्यांची मतं यायला उशीर लागणार म्हणून निकाल रात्री लागलाच नाही. लिओना वेळेवर झोपली. झोप लागली हे तिचं तिलाही नवल वाटलं. बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी कोर्टात गेली. समोर दोन भाऊ होते. बापाची मासेमारीची बोट कुणी घ्यायची यावरून ते एकमेकांचं तोंड बघत नव्हते. थोरला भाऊ बापाच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होता. मधेच मागचं दार उघडून व्हर्न आत आला. तो काही बोलला नाही. भिंतीशी उभा राहिला, आणि त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

लिओनानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग थोरल्या भावाकडं वळली. "हं. तुम्ही म्हणत होतात, त्यांना हॉस्पिटलात बोटीची चिंता होती."

भाऊ बोलत राहिला. धाकट्याला रडू आलं. दुपारपर्यंत त्यांचं ठरलं की बोट एकानं ठेवायची आणि इंजिनाची डागडुजी दुसऱ्यानं करायची. ते बाहेर गेल्यावर व्हर्न पुढं आला.

"जजबाई, आता तरी विचारा!"

"किती?"

"दीडशेच्या आसपास. पण जिंकलो म्हणजे जिंकलो!" आणि त्यानं गुरुवारी वाजवायचा तशा टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रिकाम्या कोर्टात, एकट्यानं. लिओना खुर्चीत बसून राहिली. तिला खूप आनंद झाला असं नाही. तिला फक्त असं वाटलं की कुणीतरी, एक नाही, पुष्कळांनी, बर्फातून गाड्या काढून येऊन तिच्या हातात काहीतरी जपून ठेवलंय.

दुपारी ऑस्टहोफ चेंबरमध्ये आला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"अभिनंदन करायला आलो."

"बसा ग्रँट. रेडिओवर बोललात त्याची किंमत मोजलीत तुम्ही. मला कल्पना आहे."

"मिलवॉकीहून फोन आला होता," तो किंचित हसला. "माझ्या आईचा उद्धार केला त्यांनी. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, चांगलं केलंस, नाहीतर मीच तुझा केला असता."

"मला तुमचे आभार मानायचेत. आणि एक मागणंही आहे. कोर्ट हळू चालतं म्हणालात. कुठं कुठं अडतं, ते सगळं सांगा. मी ऐकतेय."

तो आधी बिचकला, मग सुटला. लहानसहान प्रकरणं मोठ्यांत अडकतात. वकील तारखा वाढवून मागतात आणि त्या मिळतात. "त्यात मीही आलो," तो म्हणाला. सगळ्यांना सकाळी एकाच वेळी बोलावलं जातं म्हणून माणसं दिवस दिवस बसतात. बोलता बोलता तो मधेच थांबला.

"तुम्ही काहीच बोलत नाही."

"तुमचं झालं नाही अजून."

त्या वसंतात टॅमरॅक काउंटीचं कोर्ट तासभर आधी उघडायला लागलं. किरकोळ प्रकरणांना वेगळी सकाळ मिळाली, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेला बोलावणं जाऊ लागलं. व्हर्न आठवडाभर कुरकुरला, कारण त्याला कोंबड्याबरोबर उठावं लागत होतं. मग त्यानंही पाहिलं की दुपारी बाक रिकामे असतात.

डोलोरिसकडं जायचं मात्र अजून राहिलं होतं. लिओनाला तसंच उठून जाता येत नव्हतं. हॅफ्नर तुरुंगात होता, उद्या त्याचा काही अर्ज आला तर तो तिच्याचसमोर येणार. म्हणून तिनं आधी त्या प्रकरणातून स्वतःला बाजूला काढलं आणि ते शेजारच्या काउंटीच्या जजकडं सोपवलं. मग एका रविवारी चर्चनंतर ती एकटीच मतुशेकांच्या घरी गेली. कोर्टातला झगा नाही, सोबत कुणी नाही, हातात काही नाही.

डोलोरिसनं दार उघडलं. तिच्या हाताला पीठ लागलं होतं.

"जजबाई?"

"आज जज म्हणून आलेली नाही. आभार मानायला आले. हाकललंत तरी चालेल."

"हाकलू कशाला? पाय पुसा तेवढे."

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. डोलोरिस पिरोगी भरत होती. पिठाच्या चकत्या, मधे बटाटा आणि चीज, कडा बोटानं दाबायच्या.

"एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मी तुम्हाला मत दिलं नाही."

लिओनानं टेबलावर सांडलेलं पीठ बोटानं एका जागी केलं.

"त्यालाही दिलं नाही. आत गेले, बाकी सगळ्यांपुढं खुणा केल्या, आणि तुमच्या दोघांची जागा कोरी सोडून आले. मला नाही जमलं."

"मला वाईट वाटलं नाही," लिओना म्हणाली. आणि तिला खरंच वाटलं नव्हतं. बारा वर्षांत लोकांनी तिला मतं दिली होती, शिव्या दिल्या होत्या, रस्त्यात अडवून शुभेच्छा दिल्या होत्या. इतकं सरळ खरं फार थोड्यांनी दिलं होतं. "तुम्ही त्या दिवशी चर्चमध्ये उभ्या राहिलात. मी जिंकले नसते तरी आले असते. मला एवढंच म्हणायचं होतं, थँक यू."

डोलोरिसनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तिनं एक चकती लिओनाच्या पुढ्यात सरकवली.

"हात धुवून या. येतं का करायला?"

"माझी आजी नॉर्वेची. आमच्याकडं नव्हतं हे."

"मग शिका. कडा नीट दाबा, नाहीतर पाण्यात फुटतात." आणि लिओनाची पहिलीच पिरोगी एका बाजूनं उघडी राहिली तशी ती हसली. "कॉडीची पण अश्शीच व्हायची. एकदा त्यानं काय केलं माहितीये? शाळेत सांगून आला, आमच्या घरी पिरोगीची पार्टी आहे. मला न विचारता! संध्याकाळी दारात बघते तर अख्खा हॉकीचा संघ. आणि घरात बटाटे किती? चार!"

"मग?"

"मग काय! ऐका तर..."

बाहेर घराच्या वळचणीचं बर्फ वितळून थेंब थेंब पडत होतं. लिओनानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, पिठानं भरलेले हात मांडीवर ठेवले, आणि ऐकायला लागली.